साहित्यानं तडकलेली होडी

कुरणवाडीच्या होडीला तडा गेला तो पुरानं नव्हे, साहित्यानं.

पूर तिनं भरपूर बघितले होते. दोन हजार पाचच्या महापुरानंतर सरकारकडून गावाला मिळालेली ही ॲल्युमिनियमची होडी, सोळा फुटी, रंग एकेकाळी नारिंगी. एकोणीसच्या पुरात तिनं एका दिवसात आसपासच्या मळ्यांतून एकशे चाळीस माणसं, नऊ शेळ्या, एक लग्नाचा शालू आणि एक बाजाची पेटी काढली होती. पेटीवाला मागनं पोहत आला. दूधगंगा नदीनं तिला बाभळीवर आपटलं, विजेच्या खांबावर आपटलं, एकदा तर खालच्या गावातल्या शाळेच्या स्लॅबवर नेऊन ठेवलं. पोचे पडले, पण होडी फुटली नाही.

मग जानेवारीत गावात मराठी साहित्य संमेलन भरलं. ग्रंथदिंडीची पालखी नेहमी शेजारच्या गावातून मागून आणत, पण त्या गावाचंही संमेलन त्याच रविवारी. सीमाभागात जानेवारीत इतकी संमेलनं असतात की श्रोते पुरत नाहीत, तिथं पालख्या कुठून पुरणार? तेव्हा स्वागताध्यक्ष मारुतीराव, जे पंचायतीचे मेंबरही होते, त्यांना कल्पना सुचली. होडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवायची, आत संमेलनाध्यक्ष आणि ग्रंथ. साहित्याची नौका! सभेत टाळ्या पडल्या. ट्रॉली दहा फुटी आणि होडी सोळा फुटी हे कुणीच मोजलं नाही, कारण सभा साहित्याची होती. उरलेली सहा फूट होडी हवेत, आणि शोभा यावी म्हणून नेमकी त्या टोकावर सिमेंटची सरस्वती. असा तो रथ चार किलोमीटर खड्ड्यांतून गावभर फिरला. अध्यक्ष दर खड्ड्याला नमस्कार करत होते, लोकांना वाटलं विनम्र आहेत.

मे महिन्यात नागेंद्रनं पावसाळ्याच्या तयारीला होडी काढली. तळ बघायला तो खाली उताणा झोपला, तर त्याला होडीतून आकाश दिसलं.

नागेंद्र हा होडीचा चालक. एरवी त्याचं बोरगावात टायरचं दुकान. जन्मभर पंक्चर काढलेला माणूस. त्यानं होडीचंही पंक्चरच काढलं. आधी रबराची चकती, मग एम-सील, मग वरून डांबर आणि शेवटी लोखंडाची पट्टी, नट-बोल्टनं आवळून. नदीत घातली तर पाणी पूर्वीपेक्षा जास्त वेगानं आत आलं.

त्यातच तालुक्याहून पत्र आलं. जूनच्या दुसऱ्या सोमवारी पुराच्या सगळ्या होड्या तपासणार. बारा माणसं घालून अर्धा तास पाण्यात. पास झाली तर ठीक, नाही तर भंगारात. मग पूर आल्यावर होडी वीस किलोमीटरवरून मागवायची.

गावाला त्याचं फार वाटलं नाही, गाव उंचावर आहे. नागेंद्रला वाटलं. नदीपलीकडच्या मळ्यात अकरा घरं, आणि त्यातलं एक त्याच्या थोरल्या बहिणीचं, अक्काताईचं. मळ्याला एका रात्रीत पाणी वेढतं. आणि अक्काताई पाणी उंबऱ्याला लागल्याशिवाय तीन म्हशींना सोडून हलत नाही, हे नदीलासुद्धा माहीत आहे.

"आक्का, यंदा जूनमधीच इकडं ये गं," तो म्हणाला.

"आनी म्हशी?"

"म्हशी बी आण."

"तुझ्या दुकानात बांधू व्हय, टायरला?" अक्काताई म्हणाली. "आनी त्या डांबराच्या होडीत तर मी पाय ठेवणार न्हाय. माळ्यावर बसीन, पण तीत न्हाय."

बारा दिवस उरले होते. नागेंद्र बेळगावला गेला.

उद्यमबागेत तो सहा वर्कशॉप फिरला. पहिल्यानं दुसऱ्याकडं धाडलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडं. सगळ्यांचं उत्तर एकच: ॲल्युमिनियम, त्यात वीस वर्षांचं, त्यात फुटलेलं, कोण हात घालणार? सहाव्यानं मात्र इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. "चिंतामणी करतील. पण त्यांनी करतो म्हटलं तर."

चिंतामणींच्या वर्कशॉपला पाटी नव्हती. शहापुरातल्या जुन्या घराण्यातला माणूस. दोघे भाऊ वकील, बहीण प्राध्यापक, आणि हे एकटे तिसाव्या वर्षापासून तोंडावर काळी काच ओढून बसलेले. आता साठी उलटलेली, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. वेल्डिंगवाल्याच्या अंगात पांढरा शर्ट आणि त्याला एकही भोक नाही, हे नागेंद्रनं पहिल्यांदाच पाहिलं.

त्यानं मोबाईलवर फोटो दाखवले. चिंतामणी दहा मिनिटं बघत राहिले.

"ही पट्टी कसली?" त्यांनी विचारलं.

"लोखंडाची. घट्ट हाय, अण्णा. आठ बोल्ट मारल्यात."

चिंतामणी स्टुलावर बसले. "लोखंड आणि ॲल्युमिनियम ओल्या अंगानं शेजारी ठेवलं तर ॲल्युमिनियम झिजतं. लोखंडाला काही होत नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे तुम्ही ह्यांना घट्ट नाही केलं. लोखंडाला खायला घातलं."

नागेंद्रनं मागं वळून पाहिलं, 'ह्यांना' म्हणजे कोण ते कळायला. कुणी नव्हतं. मग उलगडलं की चिंतामणी सगळ्यांना अहो-जाहो करतात, आणि सगळ्यांत होडी आली.

"ट्रॉलीवर घालून हितं आणू?"

"आधी कधी घातलं होतं का ट्रॉलीवर?"

ग्रंथदिंडीचं कुणाला सांगायचं नाही, असं गावात ठरलं होतं. तालुक्याच्या फॉर्मवर नुकसानीचं कारण 'पूर' लिहून झालं होतं.

"न्हाय," नागेंद्र म्हणाला आणि आपल्या चपलांकडं बघू लागला.

चिंतामणी त्याच्याकडं, मग फोटोकडं, मग पुन्हा त्याच्याकडं बघत राहिले. "आता घालू नका. मीच येतो."

बुधवारी ते आले. टेम्पोत मशीन, अर्गॉन वायूचा सिलिंडर, आणि एक पत्र्याची पेटी. नदीकाठी काम करायला त्यांनी नकार दिला. वेल्डिंगच्या टोकाभोवती अर्गॉनचं पांघरूण लागतं, आणि नदीचा वारा ते उडवून नेतो. म्हणून होडी तंबाखूच्या रिकाम्या वखारीत ठेवली, नागेंद्रच्या जुन्या टायरांच्या चळतींवर. वखार तीनदा धुतली तरी भिंतीतली तंबाखू जाईना. बघायला आलेला प्रत्येक माणूस शिंकू लागला. चिंतामणींनी नियम केला, ज्याला शिंक येईल त्यानं आधी बाहेर जायचं. त्यामुळं गावातली गर्दी दिवसभर आत-बाहेर करत राहिली, लाट आल्यासारखी.

पहिल्या दिवशी त्यांनी होडी धुतली. डांबर खरवडलं, पट्टी काढली, सोड्यानं धुतलं, पुसलं, पुन्हा धुतलं. संध्याकाळी मारुतीराव आले. "आज काय काय झालं?"

"अंघोळ," चिंतामणी म्हणाले.

"पाच दिवस हाईत फक्त."

"म्हणूनच आज उरकली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेतून खडूंची पेटी मागवली आणि रॉकेल मागितलं. रेशनचं रॉकेल बंद होऊन किती वर्षं झाली. शेवटी एका म्हातारीनं साजूक तुपासारखी जपलेली बाटली आणून दिली आणि किती वापरलं ते बघायला तिथंच बसली. चिंतामणींनी खडू पाण्यात कालवून होडीच्या तळाला बाहेरून सारवला. वाळल्यावर आतून रॉकेलचा बोळा फिरवला. मग हातपाय धुऊन, टेम्पोतलं कांबळं होडीखाली अंथरून, ते उताणे झोपले.

"काय करायलासा, अण्णा?" नागेंद्रनं विचारलं.

"कुठं कुठं दुखतंय ते ह्यांनाच विचारायलोय. तुम्हीही या."

नागेंद्र शेजारी झोपला. मग मारुतीराव. मग पंचायतीची निम्मी बॉडी होडीखाली उताणी. पाच मिनिटं काहीच नाही. मग पांढऱ्या खडूवर झिरपलेल्या रॉकेलची एक बारीक काळपट रेघ उमटली, जिथं डोळ्याला काहीच दिसत नव्हतं तिथं. मग दुसरी. एखादी बाई चारचौघांत न बोलता सोसत असावी आणि कुणी नीट विचारल्यावर हळूहळू सांगू लागावी, तशी होडी सांगू लागली. नागेंद्रच्या हिशेबानं तीन तडे होते. खडूवर अकरा निघाले.

वीस वर्षं नागेंद्र हिच्यावर उभा होता, आणि हिच्या तळाला कुठं दुखतंय ते त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

"बघा," चिंतामणी झोपूनच म्हणाले, "हे सगळे तडे तळाच्या आडव्या पट्ट्यांपैकी पुढच्या तिसऱ्या फासळीपाशी आहेत. म्हणजे ह्यांचं मागचं अंग कशावर तरी टेकलं होतं, पुढचं लोंबकळत होतं, आणि टोकावर वजन होतं. पाण्यात असं होत नाही. पाणी सगळीकडून सारखं धरतं." त्यांनी रेघांवरून बोट फिरवलं. "मधोमध पण कुणीतरी जड बसलं होतं. आणि खाली-वर खाली-वर झालंय. सहाशे-सातशे वेळा."

निम्मी बॉडी खडूकडं बघत राहिली.

"अध्यक्ष होते," मारुतीराव अखेर म्हणाले.

"कशाचे?"

"साहित्याचे."

"आणि टोकावर?"

"सरस्वती."

"लाकडाची?"

"सिमेंटची."

चिंतामणींनी मान डोलावली, आडव्याची आडवीच. त्यात राग नव्हता. गणिताचा ताळा जमल्याचं समाधान होतं. "मला चाळीस-पन्नास किलोचा हिशेब लागत नव्हता. लागला." मारुतीराव तिथूनच सरपटत बाहेर गेले. त्याच दुपारी ते तालुक्याला जाऊन आले. फॉर्मवरचं 'पूर' खोडून तिथं त्यांनी 'दिंडी' लिहिलं, आणि खाली स्वतःची सही केली. इतकं छोटं लिखाण त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं.

शुक्रवारी चिंतामणींनी ड्रिल काढलं आणि होडीला भोकं पाडायला सुरुवात केली.

ही बातमी गावात वाऱ्यासारखी गेली. होडीला भोक पडलंय म्हणून माणूस आणला, आणि तो भोकं पाडतोय. दुपारपर्यंत एकोणीस. लोक शिंकायचे विसरले.

"अण्णा," नागेंद्र अगदी हळू म्हणाला, "चुकून तर न्हाय ना होत काही?"

चिंतामणींनी त्याला जवळ बोलावलं आणि त्याचं बोट धरून तड्याच्या शेवटाला लावलं. "तडा टोकानं चालतो. टोक सुईसारखं बारीक, म्हणून वाट काढतं. आपण तिथं गोल भोक पाडलं. आता टोकच राहिलं नाही, तर चालणार कशानं?"

नागेंद्रनं आयुष्यात हजारो टायर फाटलेले पाहिले होते. प्रत्येक फाट पुढं पळताना पाहिली होती, आणि पळते म्हणजे पळतेच असं धरून चालला होता. तिला थांब म्हणता येतं, आणि ते असं गोल शब्दात सांगावं लागतं, हे त्याला बेचाळिसाव्या वर्षी कळलं. त्यानं त्या संध्याकाळी दुकानातल्या पोराला नव्हे, बायकोला नव्हे, तर थेट बोरगावच्या स्टँडवर चहा पिणाऱ्या सहा अनोळखी लोकांना हे समजावून सांगितलं.

तडा ज्या फासळीला होता तिथं आतून जोडपत्रा बसणार होता. चिंतामणींनी तो ॲल्युमिनियमचाच कापला आणि त्याचे कोपरे चहाची बशी उपडी ठेवून गोल आखले. चौकोनी कोपरा ठेवला तर पुढचा तडा तिथूनच निघेल म्हणाले. बशी मारुतीरावांच्या घरची होती. त्यांनी ती परत घेतली नाही, शोकेसमध्ये ठेवली.

वेल्डिंग शनिवारी सुरू झालं. सकाळी नऊ ते चार, कारण थ्रीफेज लाईट तेवढीच. चिंतामणी आधी प्रत्येक जागा पुन्हा पुसत, तारेच्या ब्रशनं घासत. तो ब्रश त्यांनी कुणाला हातात घेऊ दिला नाही, कारण त्यानं कधी लोखंड घासलं नव्हतं. मग काच तोंडावर ओढत. नागेंद्रलाही त्यांनी एक काच दिली. तिच्यातून बघितलं तर सगळी वखार नाहीशी झाली आणि एक हिरवट ठिणगी उरली. तिच्यासमोर आरशासारखा एक थेंब डुलत होता, आणि चिंतामणींचा डावा हात त्या थेंबाला बारीक तार असा भरवत होता की जणू पाखराच्या चोचीत दाणा.

"लोखंड तापलं की लाल होतं," ते मधल्या वेळात पाणी पिताना म्हणाले. "सावध करतं. हे सावध करत नाही. शेवटपर्यंत चेहरा तसाच, आणि एकदम ढासळतं."

"आमच्या आक्कासारखं," नागेंद्र म्हणाला.

"मग त्यांना बघायला पाहिजे," चिंतामणी गंभीरपणे म्हणाले.

शनिवारी नऊ तडे भोकांसकट बुजले. दोन उरले, तेही फासळीजवळचे, सगळ्यात लांब. आणि रविवारी सकाळी मशीनचा आवाज बदलला. थरथरल्यासारखा. चिंतामणींनी काच वर केली.

"व्होल्टेज पडायलंय. गावात पाण्याच्या किती मोटारी आहेत?"

"चाळीस-बेचाळीस."

"दोन तास बंद राहतील?"

जूनचा पहिला पंधरवडा, पाऊस अजून नाही, ऊस माना टाकून उभा, लाईट दिवसाचे सात तास. अशा वेळी शेतकऱ्याकडं किडनी मागावी, मोटार बंद कर म्हणू नये. पण होडीखाली उताणे झोपलेले लोक आता पूर्वीचे राहिले नव्हते. मारुतीराव स्वतः रिक्षावर भोंगा बांधून निघाले. संमेलनात अडीच तास बोललेला माणूस, आज एकच वाक्य बोलत होता: "दहा ते बारा वाजेपर्यंत मोटारी बंद ठेवा." एकेक मोटार थांबत गेली. पाटात पाणी होतं तिथं थबकलं. लोक बांधावर उभे राहून वखारीकडं तोंड करून बघत होते, जणू आपापलं पाणी तिकडं दिलंय.

सव्वादहाला चिंतामणींनी सकाळपासून चाललेला शेवटून दुसरा तडा संपवला. मग शेवटचा घेतला. निम्म्यावर आले आणि ठिणगी अडखळली.

नागेंद्रनं काचेतून पाहिलं. आरशासारखा थेंब मळकट झाला. चिंतामणींनी तार मागं घेतली, ठिणगी विझवली, पण हात हलवला नाही. विझलेलं टोक त्या अर्धवट जागेवर तसंच धरून ठेवलं, आतून अर्गॉन सुस्कारत राहिला, जागा निवेपर्यंत. बारीक मुलाला झोप लागली तरी आई हात काढत नाही, तसं. मग म्हणाले, "कुणाची तरी मोटार चालू झाली. मोठी आहे. साडेसातची."

गावात साडेसात हॉर्सपॉवरची मोटार एकच होती, आणि ती गावात नव्हती. नदीपलीकडं अक्काताईच्या मळ्यात, पण विजेच्या याच डीपीवरून तार ओढलेली.

नागेंद्र काठापर्यंत पळत गेला. बंधाऱ्यामागं साठलेलं पाणी मध्ये, आणि पलीकडं अक्काताई खोरं घेऊन उसात उभी. फोन तिचा तांदळाच्या डब्यात असतो, त्यामुळं तो विचारही त्यानं केला नाही.

"आक्काऽ! मोटार बंद कर गंऽ!"

"कशालाऽ?"

"भोंगा आयकला न्हाईस व्हयऽ?"

"भोंग्याचं तोंड तुमच्याकडंऽ! मला त्याचं ढुंगाण आयकू येतंऽ!"

"होडी जुळायलीय, आक्काऽ! लाईट पुरंनाऽ!"

"एक सरी राहिलीयऽ!"

"सरी मरू देऽ! तुझ्यासाठीच चाललंय सगळंऽ!"

अक्काताई थांबली. खोऱ्यावर दोन्ही हात ठेवून तिनं पलीकडच्या काठाकडं पाहिलं, जिथं तिचा धाकटा भाऊ अर्धी चड्डी, गळ्यात काळी काच अशा अवतारात उभा होता आणि त्याच्या मागं उसाच्या बांधाबांधावर माणसं, एकाचीही मोटार चालू नाही.

"ह्या सगळ्यांच्या बंद हाईतऽ?"

"व्हय कीऽ!"

"माझ्यासाठीऽ?"

"मग कुणासाठीऽ?"

ती खोपीत गेली. मोटारीचा आवाज तुटला. मग ती बाहेर आली ती हातात फ्यूजच घेऊन, आणि बंधाऱ्यावरून तरातरा चालत अलीकडं. कुणी तरी पुन्हा चालू करील म्हणून फ्यूज कनवटीला.

वखारीत ती दाराशी उभी राहिली. चिंतामणींनी अर्धवट जागा थोडी मागंपर्यंत घासून काढली होती. जिथं चुकलं तिथून नव्हे, चुकायच्या आधीपासून परत धरायचं. काच ओढली. पाऊण तास ठिणगी चालू राहिली. शेवटच्या टोकाला त्यांनी हात अगदी सावकाश उचलला, ठिणगी बारीक बारीक करत. काच वर केली तेव्हा त्यांचा पांढरा शर्ट पाठीला चिकटलेला होता.

अक्काताई पुढं झाली, वाकली आणि निवलेल्या सांध्यावरून बोट फिरवलं. एकावर एक कलती बसवलेली बारीक खवली, सगळी सारखी.

"करंजीची मुरड हाय," ती म्हणाली. पुन्हा एकदा बोट फिरवलं. "माझी इतकी सारखी येत न्हाय."

करंजीच्या बाबतीत अक्काताईनं आजवर सख्ख्या सासूलाही मान दिला नव्हता.

"तुम्हीच का त्या?" चिंतामणींनी विचारलं. "ह्यांनी सांगितलं होतं, तुमचा आणि ॲल्युमिनियमचा स्वभाव एक आहे."

अक्काताईनं भावाकडं पाहिलं. "घरी ये तू."

सोमवारी होडी नदीवर नेली ती खांद्यावरून. चिंतामणींनी बाहेरून खडूनं खुणा केल्या होत्या; तिथंच धरायचं, बाकी कुठं नाही. अठ्ठावीस माणसं एका पावलानं चालत होती.

तालुक्याचे साहेब राघवेंद्र धारवाडकडचे, तरुण, मराठी कन्नड वळणाची पण चोख. त्यांनी कागद बघितला. "कारण दिंडी म्हणजे? ही कुठली नदी?"

"ती वाहत न्हाय, साहेब," मारुतीराव म्हणाले. "तुंबते."

राघवेंद्रनी जास्त विचारलं नाही. "बारा माणसं बसवा."

अक्काताई कुणी सांगायच्या आधी चढून मधल्या फळीवर बसली. पुरात मलाच बसायचंय, तर आजबी मीच, असं तिनं कुणीही न विचारता जाहीर केलं. मारुतीराव बसले. साहेब, नागेंद्र, पंचायतीची बॉडी, अक्काताईच्या मळ्यातले दोघे. मोजलं तर अकरा. गर्दीत एकदम सगळ्यांना कामं आठवली. गावानं होडीसाठी मोटारी बंद केल्या होत्या, पण एकोणीस भोकंही डोळ्यांनी पाहिली होती.

"अण्णा, तुम्ही या की," नागेंद्र म्हणाला.

चिंतामणी काठावर उभे होते. पाण्याकडं बघत होते. "मी कधी बसलो नाही होडीत."

"कधीच?"

"बेळगावात कुठं आहे नदी? आणि पोहायला येत नाही."

चिंतामणींनी चपला काढल्या, एकाशेजारी एक नीट ठेवल्या, घड्याळ काढून शर्टाच्या खिशात घातलं, आणि होडीत चढले. बसले ते नेमके तिसऱ्या फासळीवर. दोन्ही हातांनी फळी धरली.

निघण्याआधी त्यांनी तळावर कालचं वर्तमानपत्र पसरायला लावलं. कुठंही पाझर असला तर कागद आधी सांगेल. इंजिन सुरू झालं, काठ मागं गेला, आणि बारा माणसं पाय वर घेऊन बातम्या वाचू लागली. पाच मिनिटं. दहा. नागेंद्रनं मुद्दाम धारेत नेली, वळवली, मागचं पाणी अंगावर घेतलं. कागद कोरडा. सतराव्या मिनिटाला राघवेंद्र म्हणाले, "तिथं."

शेअर बाजाराच्या कोपऱ्यात, बरोबर जोडपत्र्याच्या वर, रुपयाएवढा ओला डाग होता. बघता बघता दोन रुपयांएवढा झाला.

नागेंद्रनं इंजिन कमी केलं. अक्काताईचा चेहरा तसाच होता. साहेबांनी पेनचं टोपण उघडलं.

चिंतामणींनी फळीवरचा एक हात सोडला. तेवढ्याला त्यांना बराच वेळ लागला. वाकून डागावर बोट टेकलं, नाकाशी नेलं, मग जिभेला लावलं. विचार केला.

"चहा," ते म्हणाले. "साखर जास्त आहे."

सगळ्यांनी मारुतीरावांकडं पाहिलं. त्यांच्या मांडीवरचा थर्मास किंचित कलंडलेला होता.

"साहेबांसाठी आणलाता," ते म्हणाले.

राघवेंद्रनीही बोट लावून चव घेतली, कारण सरकारी तपासणी होती. मग थर्मासच्या झाकणात उरलेला चहा घेतला आणि गुडघ्यावर कागद ठेवून 'योग्य' असं लिहून सही केली. होडीत एकच कालवा झाला. अक्काताईनं भावाच्या पाठीत एक गुद्दा घातला, जो तिच्याकडचा आशीर्वाद असतो. "माझ्या तीन म्हशी बसतील न्हवं हीत?" ती चिंतामणींना म्हणाली.

"एकेक करून," चिंतामणी म्हणाले. "आणि मधोमध."

"झालं तर. घ्या काठाला," राघवेंद्र म्हणाले. "अजून तीन गावं आहेत मला."

नागेंद्रनं होडी वळवली. चिंतामणींनी खिशातून घड्याळ काढलं.

"सव्वीस मिनिटं झाली," ते म्हणाले.

"सही केली की मी," साहेब म्हणाले.

"सही तुमची झाली. अर्धा तास ह्यांचा आहे. चार मिनिटं राहिलीत."

काठावर लोक हात हलवत होते. चिंतामणींनी दुसराही हात फळीवरून सोडला होता. तळहात खाली, वर्तमानपत्राखाली, सांध्यावर पालथा ठेवलेला. आणि ते डोळे मिटून बसले होते, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे, ओठ किंचित हलत होते.

नागेंद्रनं साहेबांकडं पाहिलं नाही. त्यानं होडीचं तोंड पुन्हा धारेला लावलं.